होकायंत्रामागची नाल

पन्नास सालानंतरची काही वर्षं मी कोल्हापूरबाहेरच्या विमानतळावर मिस्त्री होतो. विमानतळ म्हणजे माळावरची पूर्व-पश्चिम धावपट्टी आणि एक पत्र्याची शेड. शेडमध्ये एका व्यापाऱ्याचं चार जणांचं विमान असे. चालवायला एकच वैमानिक, लढाईत विमानं उडवून आलेले, पन्नाशीचे. मी त्यांना साहेब म्हणे, ते मला मिस्त्री.

दिशा कळायला विमानात एकच गोष्ट होती, होकायंत्र. आम्ही त्याला कंपास म्हणायचो. मोठं लहरी प्रकरण. जवळ लोखंड आलं की काटा हटलाच. म्हणून वर्षातून दोनदा माळावर चुन्यानं आठ दिशा आखायच्या, विमान एकेका रेघेवर उभं करायचं आणि त्या दिशेला काटा किती चुकतो ते साहेब कार्डावर लिहायचे; चूक दर दिशेला वेगळी असे. त्या वेळी माझ्या खिशातली किल्लीसुद्धा बाहेर काढायला लावत. "तुझ्या किल्लीपायी मी कोकणात जाईन की," म्हणत.

एवढं सगळं पाठ असलेल्या मी काय केलं? खंडेनवमीला विमानाची पूजा केली, पंख्याला झेंडूची माळ घातली आणि मंगळवार पेठेतल्या एका टांगेवाल्याकडून मागून आणलेली काळ्या घोड्याची नाल होकायंत्राच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी, काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधली. साहेबांना काही होऊ नये म्हणून. पान्हा लोखंडाचा, किल्ली लोखंडाची. नाल मात्र माझ्या लेखी देवाची होती. तीही लोखंडच, हे डोक्यातच आलं नाही. इतका मूर्खपणा मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

दोन दिवसांनी साहेब मालकांना घेऊन बेळगावला निघाले. धावपट्टीवर काटा बरोबर होता. दक्षिणेकडे वळल्यावर तो खोटं सांगू लागला. खाली सगळे ढग. गडहिंग्लज उजवीकडे ठेवून पुढं जायचं, ते राहिलं डावीकडे. ढग फाटले तेव्हा खाली आजऱ्याची भातशेती आणि समोर डोंगर. साहेबांनी झटक्यात विमान वळवलं आणि एसटीचा रस्ता धरून परत आणलं.

मालक खाली उतरले. "तुमचं वय झालं. उद्यापासनं येऊ नका," एवढंच म्हणाले. विमान वाट चुकलं हे ऐकताच चूक कुठं झाली ते मला कळलं होतं, पण मी बोललो नाही. विमान शेडमध्ये ढकललं आणि आधी नाल सोडून घेतली. नोकरी जाईल याची भीती वाटली, दुसरं काही नाही.

सकाळी साहेब पुन्हा आले. "जायच्या आधी कंपास बघूया," म्हणाले. चुन्याच्या रेघा ताज्या केल्या. साहेब आत बसले, मी शेपूट धरून विमान फिरवत राहिलो. दक्षिणेच्या रेघेवर त्यांनी बराच वेळ लावला. मग इंजिन बंद करून खाली उतरले.

"कंपास बरोबर हाय, मिस्त्री. म्हंजे मीच चुकलो."

मी चाकापुढं ठोकळा सरकवला.

"मालकांचं खरं हाय न्हवं? आता उडवू नये मी?"

"व्हय," मी म्हणालो.