एक दम

काकू आधी एक बोट वर करायच्या. मग म्हणायच्या, "एक दम."

मी ऑफिसात नवीन असताना याचा अर्थ साफ चुकीचा लावला. आमच्या रायपुरात 'एकदम' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. एकदम बढिया, एकदम सही, काम एकदम होना चाहिए. काकूंनी बोट वर केलं की मला वाटायचं, त्या म्हणतायत ताबडतोब, आत्ताच्या आत्ता. मी धावत जाऊन बिल्टी त्यांच्यापुढे धरायची. बिल्टी म्हणजे ट्रकमधल्या मालाचा कागद. तो हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. काकू तो कागद घ्यायच्याच नाहीत. बोट तसंच वर, डोळे माझ्यावर. मी आणखी घाबरून दुसरा कागद आणायची.

आठवडाभर हे चाललं. मग एकदा त्यांनी आपला दम्याचा निळा पंप पर्समध्ये ठेवला, ओठ पुसले आणि म्हणाल्या, "अवं पोट्टे, तू काहून पळून राहिली? मी म्हणून राहिली का एक दम घेऊ दे. एक. दम. श्वास!"

"सॉरी आंटी, मुझे लगा..."

"आंटी नको म्हणू. आडनाव मराठी, आणि तोंडात आंटी. घरी मराठी बोलतात का नाही?"

"मम्मी बोलती है. मैं हिंदी में जवाब देती हूँ."

"म्हणजे तुमच्या घरी दोन रेडिओ एकदमच चालू असतात," काकू म्हणाल्या. "इथं माह्यासमोर एकच लावायचा."

तेव्हापासून मी त्यांच्याशी मराठी बोलायला लागले. अडखळत, पण बोलायला लागले. हे जे मी लिहिते आहे, तेही त्यांच्याच हट्टामुळे.

तुम्ही कधी भनपुरीच्या बाजूने गेला असाल तर आमचं ऑफिस तुम्ही पाहिलंही असेल आणि विसरलाही असाल. तिथे सगळी ट्रान्सपोर्ट ऑफिसं सारखीच दिसतात. समोर खिडकी, मागे गोदाम, बाजूला ट्रकांची रांग, खांबावर भोंगा. आमच्या भोंग्यातून जो आवाज यायचा तो काकूंचा. बिल्टी तयार झाली की त्या माईकवरून गाडीचा नंबर पुकारायच्या. दमा त्यांना लहानपणापासून होता. त्यामुळे चार आकडे कधी एका श्वासात निघाले नाहीत.

"सत्ताईस," एवढं म्हणून त्या थांबायच्या. चहाच्या टपरीवरचे तीन ड्रायव्हर उठून उभे राहायचे. काकूंचं बोट वर. एक दम. मग, "चालीस वाले भैया, बिल्टी ले जाओ." तिघांतले दोघे परत बसायचे.

"दीदी, दिन भर उठक-बैठक करवाती हो," एक म्हातारा ड्रायव्हर ओरडायचा.

"पेट देखो अपना, भैया. फ़ायदा ही है," काकू माईकवरूनच उत्तर द्यायच्या, आणि सगळं आवार हसायचं.

मी त्यांच्या पाठीमागे कॉम्प्युटरवर बसायची. मला लोकांशी बोलणं जमत नाही. गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर "भैया, थोडा तीखा" हेसुद्धा मी मैत्रिणीकडून म्हणवून घेते. त्यामुळे मला ती जागा आवडायची. समोर काकूंची पाठ, त्यापलीकडे जग. त्यांचे खांदे किती वर उचलले जातात यावरून त्या दिवशी हवा कशी आहे ते मला कळायचं.

हवा बहुतेक दिवशी वाईटच असायची. सकाळी टेबल पुसलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. बीरगांवच्या कारखान्यांच्या बाजूने काळी भुकटी येते आणि आमच्या गोदामातून सिमेंटची पांढरी. दोन्ही मिळून जो रंग होतो तोच आमच्या पडद्यांचा, रजिस्टरांचा आणि रुमालांचा रंग.

काकूंनी या धुळीसाठी मास्क मागितले होते. मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून मागत होत्या. स्वतःसाठी आणि गोदामातल्या हमालांसाठी. आमचे मॅनेजर साहेब हसून म्हणायचे, "धूल से आज तक कोई मरा है क्या? रायपुर का पाउडर है, मैडम. लगाओ और गोरे हो जाओ." हे मी स्वतः ऐकलं आहे. काकू मग ओल्या रुमालाने नाक बांधून खिडकीत बसायच्या. हमाल त्यांना लाडाने डाकूरानी म्हणायचे. साहेबांना मात्र तो रुमाल खुपायचा. "पार्टी आती है सामने, क्या इम्प्रेशन पड़ेगा? हटाइए." काकू रुमाल काढायच्या. साहेब केबिनमध्ये गेले की पुन्हा बांधायच्या.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं त्याचा मला जो राग येतो तो इथून सुरू होतो.

कोरोना आला. पहिलं लॉकडाऊन उठलं, आम्ही पुन्हा ऑफिसात आलो, आणि बघते तर कंपनीला मास्कचं प्रेम दाटून आलेलं. प्रत्येकाला दोन मास्क मिळाले. गडद निळे, जाड कापडाचे, आणि बरोबर मध्यभागी कंपनीच्या नावाचा तळहाताएवढा रबरी छाप. माणूस जिथून श्वास घेतो, नेमका तिथे. आम्हा बाकीच्यांना तो मास्क गरम व्हायचा, छाप ओठांना चिकटायचा, एवढंच. बाजूच्या फटीतून हवा मिळायची आणि आमचं भागायचं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी, त्यामुळे नोटिसा माझ्याकडे. "बेटा, एक नोटिस बनाओ. सबको कंपनी वाला मास्क ही पहनना है. स्ट्रांग लिखना." मी दोन ओळी लिहिल्या. मग वाचून बघितल्या आणि खाली स्वतःच्या मनाने तिसरी घातली: नो एक्सेप्शन्स. कोणी सांगितलं नव्हतं. वाक्याला वजन येईल असं वाटलं. साहेब म्हणाले, "वाह, ये हुई न इंग्लिश." मला आनंद झाला होता. तो आनंद आठवला की अजून कानशिलं तापतात.

काकूंनी मास्कबद्दल एका शब्दाने कुरकुर केली नाही. उलट नाकाखाली मास्क घेऊन फिरणाऱ्या हमालांना त्याच ओरडायच्या. "हा रोग फेफडे खाते रे भाऊ," त्या म्हणायच्या. "माहे तर आधीच अर्धे खाल्लेले आहे. मी कायले मास्क काढू?"

पण तासाभरात तो छाप आतून ओला व्हायचा. खिडकीलाही प्लास्टिकचा पडदा लागला होता, म्हणजे होती नव्हती ती हवा बंद. भोंग्यातून आता आधी शिट्टीसारखा आवाज यायचा आणि मग नंबर. एका बोटाची दोन बोटं झाली, दोनाची तीन. टपरीवर कोणी हसेना. तो म्हातारा ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, "दीदी, बोलो मत. हम ख़ुद आ के देख लेंगे."

पंप घ्यायला मास्क खाली करावा लागतो. दुसरा कुठलाही मार्ग नाही. काकू भिंतीकडे तोंड करून, कोणाच्या अंगावर श्वास जाणार नाही असं बघून, पंप घ्यायच्या. भिंतीवरच्या कॅमेऱ्याने तेच पाहिलं. संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. हनुवटीवर मास्क, भोवती लाल गोल. खाली साहेबांची ओळ, "नियम सबके लिए." त्याखाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक अंगठा माझा होता. कोण अंगठा देत नाही हे साहेब बघतात, असं आम्ही सगळेच समजून होतो.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला त्याबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी पर्समधून आपला मास्क काढून दाखवला. रात्री बसून त्यांनी तो रबरी छाप कात्रीने गोल कापून काढला होता आणि त्या जागी जुन्या सुती लुगड्याचे तीन पदर बारीक टाक्यांनी शिवले होते. छाप त्यांनी फेकला नव्हता. तो कानाजवळ, गालावर शिवला होता.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "नाव कंपनीचं, हवा माही. दोघंही खूश."

खरंच, त्या दिवशी भोंग्यातली शिट्टी कमी झाली. दुपारपर्यंत. दुपारी साहेब बाहेर आले.

"ये क्या है? लोगो गाल पे?"

काकूंनी बोट वर केलं. दम घेतला. मग डॉक्टरांची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "मास्क नहीं निकाला, सर. मास्क तो मुझे चाहिए ही. बस हवा जाने वाला चाहिए."

साहेबांनी चिठ्ठीला हात लावला नाही. "कंपनी का मास्क काटा है आपने. और नोटिस में क्या लिखा है?" ते माझ्याकडे वळले. "बेटा, पढ़ के सुनाओ. आख़िरी लाइन."

मी उठले. भिंतीवरची माझीच ओळ वाचली. "नो एक्सेप्शन्स."

काकू माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "याचं मराठी काय होते, पोरी?"

"कोणालाही सूट नाही," मी म्हणाले.

"असं." त्यांनी साहेबांकडे मान वळवली. साहेबांचा मास्क हनुवटीखाली होता, केबिनमधून बाहेर आल्यापासून तिथेच होता. "मंग साहेबाइले कशी सूट?"

साहेबांना मराठी येत नाही. पण गोदामातल्या दोन हमालांना येते, आणि ते हसले. मला वाटतं, शिक्षा मास्कसाठी ठरली नव्हती. त्या हसण्यासाठी ठरली. साहेबांनी मास्क नाकावर ओढला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "कल से आप गोदाम में गिनती देखिए. वहाँ बोलना नहीं पड़ेगा. आपकी ही साँस बचेगी."

दम्याच्या बाईला सिमेंटच्या गोदामात! नवा मास्क, नवा छाप, आणि वर काळजी केल्याचा आव. धुळीसाठी मास्क मागत होती तेव्हा ती नखरेवाली. रुमाल बांधायची तेव्हा ती कंपनीची शोभा घालवणारी. आणि पंप घेण्यापुरता मास्क खाली केला तर ती बेजबाबदार, लाल गोलातली. ज्या माणसाला आयुष्यात कधी श्वास मोजावा लागला नाही, त्याने दुसऱ्याच्या श्वासाचे नियम करावेत, आणि ते नियम चांगल्या इंग्रजीत लिहायला माझ्यासारखी मुलगी हजर असावी. मी खुर्चीत बसले आणि कीबोर्डवरची धूळ पुसली.

गोदामात काकू तीन दिवस टिकल्या. तिसऱ्या दिवशी हमालांनी त्यांना धरून बाहेर आणलं आणि ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं. साहेबांनी गोदामाचं दार लावून घ्यायला सांगितलं, उघड्या दारातून सिमेंटला ओल लागते म्हणून.

पाच दिवसांनी त्या आल्या. आत नाही, खिडकीच्या बाहेर. ड्रायव्हर जिथे उभे राहतात तिथे उभ्या राहिल्या. तोंडावर स्वतः शिवलेला पांढरा मास्क. प्लास्टिकच्या पडद्याखालून त्यांनी निळा मास्क आत सरकवला, नीट घडी घातलेला.

"घे. कंपनीची इस्टेट."

"काकू, मी साहेबांशी बोलते."

"बोलशील. तुले येते बोलता, मले माहीत आहे." बोट वर. मी थांबले. "पण माह्यासाठी नको थांबू. मी गोंदियाले बहिणीकडे चालली. तिथं धूळ कमी नाही. पण तिथं धुळीले धूळ म्हणतात, पाउडर नाही."

मी त्याच संध्याकाळी केबिनमध्ये गेले. म्हणाले, "सर, नोटिस की आख़िरी लाइन हटा दूँ?"

साहेबांनी फोनमधून डोकंही वर केलं नाही. "किसलिए? जिसको एक्सेप्शन चाहिए था, वो तो गई. और हाँ, कल से माइक तुम देखो."

सकाळी मी काकूंच्या खुर्चीत बसले. पाठ मागच्या रिकाम्या टेबलाकडे, तोंड जगाकडे. पहिली बिल्टी हातात आली. माईक तोंडाशी धरला.

"अट्ठावन," मी म्हणाले, आणि माझा आवाज गेला. टपरीवर तीन ड्रायव्हर उठून उभे राहिले. तो म्हाताराही होता. माझं बोट आपोआप वर गेलं.

"एक दम," भोंग्यातून आलं.

टपरीवर जे बसलेले होते तेही उठले. ट्रकचा हॉर्नसुद्धा वाजला नाही.

मागे केबिनचं दार उघडलं. "क्या हुआ? रुक क्यों गई? बोलो, एकदम!"

मी वळले. बोट खाली घेतलं नाही. "एक दम, सर," मी म्हणाले.

साहेबांनी खूश होऊन मान हलवली. "गुड," म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्यांना वाटलं, मी हो म्हणाले.

मग मी मास्कच्या आत एक पूर्ण श्वास घेतला. मला तो सहज घेता येतो. तो सावकाश सोडला, आणि उरलेले दोन आकडे पुकारले.