बेसिन काढून टाक

नर्सिंगच्या मुलींना वैद्यकाचा इतिहास शिकवायचा म्हणजे काय, ते मला विचारा. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात शनिवारचा शेवटचा तास माझा. अर्धा वर्ग जर्नल पूर्ण करत असतो, उरलेला पेंगत असतो, आणि मी फळ्यापुढे उभी राहून पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या बाळंतिणींबद्दल घसा कोरडा करत असते. "मॅम, परीक्षेला येणार का हे?" एवढा एकच प्रश्न वर्गातून येतो. नाही म्हटलं की पेनं खाली.

गेल्या वर्षी प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावून घेतलं. "मुलींना सलाईन धड लावता येत नाही आणि तुम्ही त्यांना गोष्टी सांगत बसता. तो तास मी स्किल लॅबला देते." मी हातापाया पडायचीच बाकी राहिले. शेवटी म्हणाल्या, "बरं, या टर्ममध्ये काहीतरी करून दाखवा. मी स्वतः येऊन बघेन. नाहीतर तास गेला."

माझा मावसभाऊ पवईला गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. तो रविवारी मुलुंडला माझ्याकडे जेवायला आला, तेव्हा सुरमई पानात वाढता वाढताच मी त्याला गळ घातली. मुली दिवसभर फोनवर गेम खेळतात ना, मग त्याच वाटेने इतिहास शिकवू. गोष्ट मी त्याला अशी सांगितली: युरोपातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात बाळंतिणी तापाने पटापट मरत होत्या. डॉक्टर पोस्टमॉर्टेम करून तसेच उठत आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासत. एका डॉक्टरने ते ओळखलं, सगळ्यांना हात धुवायला लावलं आणि मरणं थांबली. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग असा, की वरच्या डॉक्टरांना ते झोंबलं. आमचे हात घाण म्हणतोस? त्याची नोकरी गेली आणि पुन्हा जो तो आपल्या मनाला येईल तसं वागायला लागला.

मला हवा होता तो दुसरा भाग. आमच्या मुली हुशार आहेत, सगळं शिकतात, पण वॉर्डात मोठ्या माणसाचं चुकलेलं दिसलं की मूग गिळून बसतात. मीही माझ्या काळात बसलेच की. खरं सांगणाऱ्याचं काय होतं आणि तरी ते का सांगावं लागतं, एवढं त्यांना कळावं, यासाठी माझा आटापिटा.

भाऊ म्हणाला, "ताई, झकास आहे गं. पण शेवटी जिंकता आलं पाहिजे ना. नाहीतर लोक गेम काढून टाकतात."

"तो डॉक्टर जिंकला नाही रे."

"मग कसला गेम?"

यावरून आमची भांडणं झाली. तो परत परत शेवटी त्या डॉक्टरचा सत्कार घालायचा आणि मी तो परत परत काढायला लावायची. अखेर असं ठरलं, की दुसऱ्या भागात खेळणारा प्रत्येक वेळी बोलला की त्याचा मान कमी होणार. सगळा मान संपला की नोकरी जाणार. फक्त शेवटच्या पडद्यावर तो ज्यांच्यासाठी बोलला त्या बाया बाळं घेऊन घरी जाताना दिसणार. बस. सत्कार नाही.

गेम तयार झाला, फोनवरही उघडणारा. कॉम्प्युटर रूममध्ये मुलींना बसवलं. माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं. आता बाळंतिणी मरतील, मुली घाबरतील, कारण शोधतील, एकमेकींशी वाद घालतील. वॉर्डाच्या कोपऱ्यात मुद्दाम एक बेसिन ठेवलं होतं, अगदी अंधारात, उशिरा सापडावं म्हणून.

मी खुर्चीत टेकते न टेकते तोच पहिली आवाज देते, "मॅम, झालं."

काय झालं? सगळ्या बाळंतिणी जिवंत, सगळी बाळं ठणठणीत. दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. अख्खा वर्ग पेशंटला हात लावायच्या आधी सरळ त्या कोपऱ्यातल्या बेसिनवर गेला होता. का? तर सवय! पहिल्या दिवसापासून आम्ही त्यांच्या डोक्यात तेच घातलेलं. पेशंटच्या आधी हात, पेशंटच्या नंतर हात. कोणी मेलंच नाही, तर कारण कशाचं शोधणार? आणि कारण सापडलं नाही तर दुसरा भाग उघडतच नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

भावाला फोन लावला. "बेसिन काढून टाक."

"अगं, तूच ठेवायला लावलंस ना?"

"काढ म्हटलं ना."

प्रिन्सिपल मॅडम बघायला आल्या त्या दिवशी बेसिन नव्हतं. मुलींनी गेम उघडला, कोपऱ्यात गेल्या आणि तिथल्या कोऱ्या भिंतीवर माउस आपटत बसल्या. "मॅम, बेसिन कुठे गेलं?" म्हटलं, नाहीये, तसंच पुढे जा. तर एकीने हातच बाजूला घेतले. "ग्लव्हज पण नाहीत. असं कसं हात लावणार?" तिचं बघून सगळ्याच थांबल्या. पडद्यावर बाळंतिणी कण्हतायत आणि माझा वर्ग हाताची घडी घालून बसलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडणार कोणावर? बरोबरच वागत होत्या ना!

मॅडम दारातच होत्या. "बघितलंत? यांना सगळं येतंय. मग इतिहास हवाय कशाला?" एवढं म्हणून वळल्या. जाता जाता म्हणाल्या, "टर्म संपू दे, मग ठरवते."

हात बाजूला घेणारी ती मुलगी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. वर्गात फार बोलत नाही, पण बोलली की तोडून. पुढच्याच आठवड्यात ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली, तोंड फुगवून.

"मॅम, हा काय फालतू गेम आहे? त्या मोठ्या डॉक्टरांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत. सारखी माझीच नोकरी जाते."

मी बघतच राहिले. तिने घरी फोनवर, नाक मुरडत का होईना, न धुतलेल्या हातांनी पहिला भाग काढला होता आणि आता दुसऱ्यात डोकं आपटत होती.

"जिंकायचं कसं, ते तरी सांगा."

"नाही जिंकता येत."

"मग बोलायचं कशाला?"

"बोलली नाहीस तर काय होतं, बघितलंस का?"

ती जायला वळली. मग म्हणाली, "त्या बाया मरतात." आणि चिडूनच निघून गेली.

त्यानंतर मुलींची ड्युटी बाळंतिणींच्या वॉर्डात लागली. मी बरोबर होते. सकाळी बाहेरून येणारे एक मोठे डॉक्टर राऊंडला आले. घाईत होते. एका बाईचे टाके बघितले, ग्लव्हज काढून टाकले आणि तसेच पुढच्या खाटेवरच्या बाईच्या पोटावर हात ठेवायला वाकले. सॅनिटायझरची बाटली खाटेच्या पायथ्याशी लटकत होती. आम्ही सगळ्यांनी बघितलं. वॉर्डची सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागली. मी मनात शब्द जुळवत होते, सर, प्लीज, जरा. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, हात राहिले."

मासळी दाबून बघणाऱ्या गिऱ्हाईकाला हटकावं, तेवढ्याच सरळपणे. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाटली दाबली, हात चोळले, बाईला तपासलं आणि उरलेला राऊंड न घेता निघून गेले.

दुपारी मला प्रिन्सिपल मॅडमचं बोलावणं आलं.

"कोणी शिकवलं तिला हे?"

"मी. शनिवारच्या तासाला."

"तो गेम?"

"हो. ती चुकीचं बोलली का, मॅडम?"

"प्रश्न तो नाहीये. उद्या त्यांनी आपल्या मुलींना वॉर्डात घेतलं नाही तर? चार लोकांसमोर बोलतात का असं? तुमचा तास पुढच्या शनिवारपासून बंद."

मी इतकी संतापले होते, की बाहेर येऊन जिन्यातच बसले. गेमचा काही उपयोग नाही म्हणून तास टांगणीला लागला होता, तेव्हा मला नुसती लाज वाटली होती. आता उपयोग झाला, तर तासच गेला. भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, सत्कार ठेवला असता तर खोटंच झालं असतं गं."

शनिवारच्या त्या तासाला आता स्किल लॅब असते. पहिल्याच शनिवारी हात धुण्याची परीक्षा होती आणि घ्यायला मीच. बेसिनपाशी कागद घेऊन उभं राहायचं आणि एकेक पायरी जमली की खूण करायची. तिचा नंबर आला. तळवे, बोटांच्या फटी, अंगठे, नखं, मनगटं, सगळं जिथल्या तिथे. नळ कोपराने बंद केला आणि ओले हात वर धरून तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"मॅम, दुसऱ्याला धुवायला सांगायचे मार्क यात आहेत का?"

मी नाही म्हटलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.