दोन डबे तोलणारे काका

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या ऑफिसात मायक्रोवेव्हपाशी एक काका रोज दिसायचे. दुसऱ्या डिपार्टमेंटचे, नाव कधी विचारलंच नाही. एका हातात पोळ्यांचा डबा, दुसऱ्यात भाजीचा. दोन्ही तागडीसारखे तोलत म्हणायचे, "हे राज्यांचे गव्हर्नर, ही वॉशिंग्टनची संसद. आपल्या पक्षाला एकच मिळणार असेल, तर काय मागावं? शाळा-रस्ते गव्हर्नर बघेल. पण व्हिसाचा कायदा संसदेचा!"

निवडणुकीच्या दिवशी मी मत देऊन आले. विचारलं, "काका, शेवटी काय ठरलं?"

"मला कुठलं मत? मी अजून ग्रीन कार्डच्या रांगेत. पण विचार करून ठेवलेला बरा."

मायक्रोवेव्ह वाजला, तरी ते डाव्या तर्जनीच्या नखावर अंगठा फिरवत उभे होते.

"शेवटची शाई नागपुरात लागली होती," म्हणाले, आणि अंगठा जपून बाजूला केला.