आक्काच्या नावाचा रिपोर्ट

येळ्ळूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथं मी बारा वर्षं आशा सेविकेचं काम करते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आली, तेव्हा बेळगावला आमचं ट्रेनिंग झालं. सांगणं सगळं कानडीत, मी वहीत उतरवलं मराठीत. जगातल्या देशांनी मिळून ठरवलंय म्हणे, हा कॅन्सर संपवायचा. पोरींना लस, आणि बायकांची पस्तिशीत एकदा, पंचेचाळिशीत एकदा तपासणी. बाईनं आडोशाला जाऊन कापसाची काडी स्वतःच आत फिरवायची आणि नळीत घालून द्यायची. डॉक्टरांपुढं लाजायचं कामच नाही. मला ते लई आवडलं.

माझ्या यादीतली एकही बाई राहता कामा नये, असं मी मनात धरलं. मला मिरवायची खोड आहे, लपवून काय उपयोग?

राहिली ती घरचीच. माझी थोरली जाऊ. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. शाळेत शिबिर चाललेलं आणि ही भाताच्या मळणीला गेलेली. मी नळी घेऊन खळ्यावर गेले, तर म्हणाली, "माझं बी तूच दे की. घर एकच हाय न्हवं? रेशनला तू एकटीच अंगठा देतीस, सगळ्यांचं येतंय की."

ती चेष्टा करत नव्हती. सरकारचं जे काही येतं ते घराला एक, असाच तिचा हिशोब. मी तिला समजावायला हवं होतं. गावभर तेच तर करत होते. पण नमुने न्यायला आलेली गाडी खोळंबली होती. मी शाळेत परतले, आडोशाला गेले आणि दुसरी काडीसुद्धा माझीच दिली. नळीवर नाव आक्काचं. वाईट वाटलं, पण यादी पुरी झाल्याचा आनंद जास्त होता.

दोन्ही रिपोर्ट चांगले आले. आक्कानं तिचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवला. मी काही बोलले नाही. धडधाकट बाई, हिला काय होतंय, असं स्वतःलाच सांगत राहिले.

आठ महिन्यांनी धुणं धुताना ती सहज बोलून गेली की अंगावरून परत जायला लागलंय. पाळी जाऊन तिला दीड वर्ष झालं होतं. उष्णता झाली असेल म्हणून धण्याचं पाणी पीत होती. रिपोर्ट तर चांगलाच आहे, असंही वर म्हणाली. माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. तरी मी दोन दिवस गप्प बसले. नोकरी जाईल, घरात तोंड दाखवता येणार नाही, हेच डोक्यात. आज त्या दोन दिवसांचा मला आठ महिन्यांपेक्षा जास्त राग येतो.

तिसऱ्या दिवशी काही न सांगता तिला बेळगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तपासणी झाली होती का, विचारलं. आक्कानं पिशवीतून रिपोर्ट काढून मोठ्या विश्वासानं पुढं केला.

"तो माझा आहे," मी म्हणाले. "तिच्या नावावर मीच दिला होता."

बाईंनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला. मग त्यांनी आक्काला आत घेतलं, तपासलं, तुकडा काढून पाठवला. आठवड्यानं कळलं, कॅन्सरच. सुरुवातीचा होता, ऑपरेशननं भागलं. आता ती खळ्यावर जाते, माझ्याशी बोलते, भाकरीही वाढते.

पण निदान कळलं त्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर आम्ही दोघी बसलो होतो. मी रडत होते, माफी मागत होते. तिनं मला रडू दिलं. मग हळूच विचारलं,

"मला कळत न्हवतं गं. तुला कळत हुतं न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय."