नकोबांनी लपवलेलं भरतकाम

नकोबांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे. पण चोराला ते कळू नये म्हणून पाटी इतकी उंच लावलीय, की वाचायला शिडी लागते. नकोबा हे नाव मजल्यावरच्यांनी ठेवलं. ते नेमकं कोणी ठेवलं हे विचारू नका; चांगल्या कामाचं श्रेय कोणी घेऊ नये.

माणूस आयुष्यभर बांधकाम परवाना खात्यात होता. लोक अर्ज घेऊन यायचे. हे चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "घाई आहे का?" आहे म्हणणाऱ्याला म्हणायचे, घाईत कामं होत नसतात. नाही म्हणणाऱ्याला म्हणायचे, मग पुढच्या वर्षी या. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, यांच्यामुळेच शहर आहे तेवढं राहिलं. नकोबांनी ते कौतुक समजून रुमाल डोळ्यांना लावला.

घरी बसल्यावर पंचाईत झाली. नकार द्यायला माणसंच पुरेनात. दूधवाला दोनदा येत नाही, आणि बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, विचारणं कधीच सोडलं होतं. अशात मेहुण्याने आपल्या ताईसाठी कॉम्प्युटर आणला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि जिभेला हाड नाही. वहिनी भरतकामाचे नमुने काढतात. पूर्वी चौकटीच्या कागदावर काढायच्या, आता पडद्यावर एकेक चौकट रंगवतात. नकोबा आधी "नको" म्हणाले, आणि यंत्र घरात शिरल्यावर त्याचं संरक्षण खातं स्वतःकडे घेऊन बसले. कीबोर्डवर जाड प्लास्टिक चढलं, त्यामुळे अक्षरं अंदाजाने शोधावी लागू लागली. मेहुण्याने एक अँटीव्हायरस टाकून दिला होता. नकोबांनी त्यावर नजर ठेवायला दुसरा टाकला आणि त्याची दक्षता वाढवत वाढवत शेवटच्या खुणेपर्यंत नेली. एवढ्यावर समाधान होईना, म्हणून एके दुपारी वहिनी झोपलेल्या असताना त्यांचं नमुन्यांचं फोल्डर लपवून टाकलं. जे दिसत नाही ते चोरणार कोण?

हे ते वहिनींना सांगायला विसरले. म्हणजे, ते तरी तसंच म्हणतात.

मग वहिनींना दूरच्या शहरातल्या एका कलाशाळेतून फोन आला. संध्याकाळपर्यंत नमुने पाठवा, पसंत पडले तर दोन महिने इथे येऊन शिकवा. वहिनींनी हे नवऱ्याच्या कानावर घातलं. नकोबा "बघू" म्हणाले. या घरात "बघू" म्हणजे काय, ते तळमजल्यावरच्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे.

वहिनींनी कॉम्प्युटर उघडला, तर नमुन्यांच्या जागी पांढरंफटक मैदान.

"अहो, माझं फोल्डर कुठंय?"

"व्हायरस असणार," नकोबा शांतपणे म्हणाले आणि दोन्ही अँटीव्हायरस एकदम कामाला लावले. व्हायरस सापडला नाही. पहिल्याला मात्र दुसरा संशयास्पद वाटला आणि दुसऱ्याने पहिल्याला चोर ठरवलं. दोघांच्या झटापटीत यंत्राला धाप लागली आणि बाण पडद्यावर गोगलगायीसारखा सरकू लागला. वहिनी घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी नकोबांनी घसा खाकरला.

"लपवलंय मी ते. सुरक्षेसाठी. आत्ता दाखवतो."

वहिनींनी उठून त्यांना खुर्ची दिली. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नकोबांनी सेटिंग उघडली, "लपवलेल्या फाइली दाखवा" यावर टिक केली, ओके दाबलं. मैदान पांढरंच. पुन्हा जाऊन बघतात तो टिक गायब. पुन्हा केली, पुन्हा गायब. खात्यात अर्ज करणाऱ्यांची कशी परवड व्हायची, ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, फक्त लक्षात येत नव्हतं.

"तुम्हाला पाठवायचंच नसेल तर तसं सरळ सांगा," वहिनी हळू म्हणाल्या. "खेळ कशाला?"

नकोबा चरकले. बायकोला दोन महिने जाऊ द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे खरं. पण आत्ता या क्षणी ते मनापासून टिक करत होते. आयुष्यात एकदा कुणाचं काम करायला निघावं, आणि नेमकं तेव्हाच कोणी विश्वास ठेवू नये? त्यांनी मुकाट्याने मेहुण्याला फोन लावला. हा नकोबांचा केवढा अपमान, ते मेहुण्याला बरोबर समजलं. तो हातातलं काम टाकून, हसू दाबत आला.

"करा दाजी, माझ्यासमोर करा. काय होतंय बघू."

नकोबांनी टिक केली, ओके दाबलं. कोपऱ्यात एक चौकोन उगवला आणि नकोबांच्या बोटाने तो डास मारावा तसा मारला.

"आत्ता काय दाबलंत?"

"कुठे काय?"

"कोपऱ्यात काहीतरी आलं होतं."

"ते होय. ते सारखं येतं. 'नाही' म्हणायचं की जातं."

"वाचलंत का?"

"वाचायचं काय त्यात? विचारतंय म्हणजे नाहीच म्हणायचं."

मेहुण्याने कपाळाला हात लावला. "ताई, ये. वाच." पुन्हा टिक, पुन्हा ओके, पुन्हा चौकोन. या वेळी मेहुण्याने दाजींचा हात धरून ठेवला. वहिनींनी मोठ्याने वाचलं: "लपवलेल्या फाइली दाखवण्याची सेटिंग कोणीतरी बदलत आहे. बदलू द्यायची का?"

"हा कोणीतरी म्हणजे तुम्ही, दाजी," मेहुणा म्हणाला. "तुमचा दुसरा पहारेकरी तुमच्याबद्दल तुम्हालाच विचारतोय, आणि तुम्ही म्हणताय, हाकलून दे त्याला. बिचारा हुकूम पाळतोय. मघापासून तुमचा अर्ज तुम्हीच फेटाळताय."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग अचानक हसल्या. राग जाण्याइतकं नाही. पण यांनी हे मुद्दाम केलं नाही, एवढी खात्री पटण्याइतकं. इतकं मुद्दाम कोणाला जमणार?

"आधी हा दुसरा काढून टाकू," मेहुणा म्हणाला. "एका दारावर दोन रखवालदार ठेवले की ते एकमेकांनाच धरतात. घ्या दाजी, काढा."

नकोबांनी काढायला घेतला. चौकोन आला: खरंच काढून टाकायचं का? बोट आपोआप "नाही"वर पडलं.

"दाजी."

"हात सवयीने जातो रे."

वहिनींनी त्यांच्या हातातून माउस काढून घेतला आणि कामाला लागल्या. दुसरा पहारेकरी रवाना झाला. मग टिक केली, ओके दाबलं, टिक जागेवर राहिली आणि मैदानात नमुन्यांचं फोल्डर उगवलं. लपवलेलं असल्यामुळे फिकट, आजारातून उठल्यासारखं. वहिनींनी त्याचं लपलेपण काढलं, रंग परत आला. नमुने एकेक करून कलाशाळेला गेले तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. नकोबा शेजारी उभे राहून प्रत्येक फाइल जाताना बघत होते, स्टेशनवर निरोप द्यायला आल्यासारखे.

काही दिवसांनी पुन्हा फोन आला. वहिनींनी तो दिवाणखान्यातच घेतला, ठेवला, आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

"मी दोन महिने जातेय."

नकोबांनी तोंड उघडलं. पण हे विचारलेलं नव्हतं, सांगितलेलं होतं. प्रश्नच नाही तर नाही कशाला म्हणायचं?  मग उघडलेल्या तोंडाचा काहीतरी उपयोग करावा म्हणून त्यांनी विचारलं, "चहाची पावडर कुठे असते?"

"ओट्यावरच्या डब्यात," वहिनी साड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या. "दिसेल. मी नाही लपवलेली."