मिस फिलोचा डबा आणि माझं पित्त

आम्ही टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी जमलो, की निम्मा वेळ माझ्या ओकाऱ्यांवर जातो. इतकी वर्षं बंगळुरात बसून ट्रंक कॉल जोडले, त्याचं कुणाला काही नाही! शिवाय दर भेटीत कुणीतरी पदरचं काहीतरी घालतंच. म्हणून म्हटलं, साठ सालच्या आसपासचं ते सगळं एकदा मीच सांगून टाकावं.

*

बोर्डावर बसलं की कानाला हेडफोन आणि गळ्यात माउथपीस. उठायचं तर हात वर करायचा, आणि आमची सुपरवायझर मिस फिलो मान हलवेपर्यंत थांबायचं. एका सकाळी यशवंतपूरचा कुणी ठेकेदार नंबर मागत होता. मी हात वर केला, पण मिस फिलोचं लक्ष नव्हतं. पोट काही परवानगीसाठी थांबलं नाही! खालची कागदांची टोपली जवळ ओढली, आणि माउथपीस गळ्यातच राहिला.

तोंड पुसून मी म्हटलं, "नंबर प्लीज!"

"नंबर राहू दे अम्मा," पलीकडून ठेकेदार म्हणाला. "स्वल्प सुंठ चाटून बघ. माझ्या बायकोला तेवढीच लागू पडली होती."

*

सासूबाईंची सक्त ताकीद होती, की चोरचोळी होईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. तिसरा महिना सरला की घरातल्या घरात गुपचूप चोळी देतात, ती चोरचोळी. सासूबाईंनी हिरवा खण आणून ट्रंकेत तळाशी ठेवला होता.

त्यांना भीती होती, आणि मलाही. पहिल्या खेपेला ओकाऱ्या होत होत्या, त्या एके सकाळी अचानक थांबल्या. मी खूश झाले. त्याच आठवड्यात सगळं संपलं. त्यामुळे आता ओकारी आली की जीव जायचा, आणि यायला उशीर झाला तरी जीव जायचा. मी नुसती थकून गेले होते. उभी राहिले तरी डोळे मिटायचे.

एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना "पित्त झालंय" असं सांगितलं होतं. शेजारच्या बोर्डावरची सरोजाक्का चार मुलांची आई. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी कानाशी येऊन म्हणाली, "सरी, सरी, बरं हो. पित्ताचं बारसं कधी गं?"

*

कॉफीचा वास तर शत्रू झाला होता. आमच्या गल्लीत घरोघरी बिया भाजायचे, त्याला काय करणार! निदान आमच्या घरात तरी नको, म्हणून यजमान पहाटे पेला घेऊन फाटकाबाहेर दगडावर बसून कॉफी प्यायचे. समोरच्या अज्जींनी आठवडाभर हे पाहिलं. मग एके दिवशी त्यांच्यासमोर इडलीची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "खा अप्पा. बायकोचा राग काय, स्वल्प दिवस असतो."

यजमान इडल्या खाऊन आले. मला सांगितलंसुद्धा नाही!

*

मिस फिलोच्या डब्यात रोज सुकी मासळी असायची. बाकीच्यांना सवय होती, मी मात्र झाकण उघडायच्या आत पळायचे. ती कडक बाई, कधी कुणाची रजा सुखासुखी मंजूर केली नाही. पण तिनं मागच्या सायकल स्टँडवर जेवायला सुरुवात केली. पाऊस असला तरी तिथंच.

एकदा पदर पिळत आत आली आणि म्हणाली, "मिसेस, तुमचं ते पित्त बरं झालं की मला सांगा. सायकलींना गप्पा मारता येत नाहीत!"

*

आणि मग एके सकाळी मला काहीच झालं नाही.

खण ट्रंकेतच होता. तिसरा महिना सरायचा होता अजून. मी मुद्दाम कॉफी केली, अख्खा पेला प्यायले. काही नाही! सासूबाई पेल्याकडे बघत राहिल्या, मग देवापुढे जाऊन बसल्या.

बोर्डावर बसले, पण लक्ष थाऱ्यावर नव्हतं. हेब्बाळ मागणाऱ्याला येलहंका जोडलं, येलहंका मागणाऱ्याला काहीच नाही. सरोजाक्कानं विचारलं, तेव्हा मला रडूच आलं. पहिल्या खेपेचं सगळं सांगितलं. ती उठली, हातही वर न करता, आणि मिस फिलोच्या टेबलाशी जाऊन कुजबुजली.

मिस फिलो आली. हातात डबा होता. माझ्या नाकाखाली धरून तिनं झाकण उघडलं.

मी जी धावले! मोरीशी वाकले, आतडी बाहेर येतील असं वाटलं. बऱ्याच वेळानं भिंत धरत धरत दारात आले, तर अख्खी रांग बोर्डाकडे पाठ करून, हेडफोन कानाला तसेच, टाळ्या वाजवत होती! कॉलचे दिवे लुकलुकत होते, कुणी बघतसुद्धा नव्हतं.

मिस फिलोनं डोळे पुसले आणि झाकण लावलं.

"गुड," ती म्हणाली. "उद्या पुन्हा!"