समोरच्या सीटवरचा इंग्रज

लिक्सलिप या आयरिश गावाला जाणाऱ्या आगगाडीत रोज समोर बसणारा तो इंग्रज मोबाईलवर फुंकर मारून मगच बोट टेकवायचा. एकदा त्याची कॅसिनोची साइट अडली. कुणाचंही काही अडलं की आम्हा आयटीवाल्यांचे हात शिवशिवतात. न विचारताच मी ती चालू करून दिली.

"वा! या परदेशी साइटवर मी नवखाच. आमच्या इंग्लंडातल्या साइट मला घेत नाहीत."

"का हो, फार जिंकता वाटतं?" मी डोळा मिचकावला.

"जुगार सुटेना, म्हणून बायकोसमोर मीच तिथे स्वतःवर बंदी घालून घेतली. हे लोक तसलं काही विचारत नाहीत."

माझं हसू तोंडातच राहिलं. "द्या, बंद करून देतो," म्हणत मी हात पुढे केला. त्याने फोन आतल्या खिशात सारला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पुढच्या डब्यात बसू लागला.